एक नंबर कमी

दिघे काका रोज सकाळी तुळशीला पाणी घालायचे तेव्हा त्यांच्या अंगात बनियन असायचं, खाली अर्धी चड्डी आणि पायांत बर्फावर घसरायचे बूट.

हे मी ज्याला ज्याला सांगितलं त्यानं पुन्हा विचारलं, म्हणून आधीच पुन्हा सांगून ठेवतो. बर्फावर घसरायचे. स्कीचे. नडगीपर्यंत येणारे, टणक प्लास्टिकचे, लालभडक, बाजूला लोखंडी बकलांची रांग. आणि हे सगळं सिंगापुरात, तोआ पायोहच्या जुन्या ब्लॉकात, जिथं बर्फ दिसतो तो बाजारातल्या मासळीखाली नाहीतर उसाच्या रसात. हा बूट घोट्यात वाकत नाही. त्यामुळे काका कुंडीपाशी वाकायचे नाहीत. ते अख्खेच्या अख्खे पुढे कलायचे, वादळात विजेचा खांब कलतो तसे. मी चहाचं भांडं हातात धरून दारात उभा राहायचो. पडले तर धरायला.

मी त्यांचा भाडेकरू, तानाजी. कागलकडचा. नववीत मी शाळा सोडली की शाळेनं मला, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. हॉटेलात भांडी घासता घासता भाज्या चिरायला लागलो, चिरता चिरता शेगडीपर्यंत पोचलो, आणि त्या शेगडीनंच मला विमानात बसवून इथं आणलं. इथल्या एका भारतीय हॉटेलात मी रस्से आणि भाज्या करतो. आलो तेव्हा खोलीसाठी पुष्कळ दारं वाजवली. सगळीकडे एकच अट, घरात स्वयंपाक करायचा नाही. दिघे काकांनी दार उघडलं तेव्हा त्यांनी माझा कामाचा पास विचारला नाही, पगार विचारला नाही. माझ्या पायांकडे बघितलं.

"चप्पल ढिली आहे तुझी," ते म्हणाले.

"जुनी झाली, काका."

"पट्टा आवळ आणि मग आत ये. स्वयंपाक येतो का?"

"तेवढंच येतं."

"मग कर. मलाही वाढ."

मी उंबऱ्याशी बसून पट्ट्याला गाठ मारली आणि आत गेलो. परदेशात आपल्या भाषेत कुणी रागावलं तरी किती बरं वाटतं ते मला त्या दिवशी कळलं.

'ढिलं' ही काकांची सगळ्यात मोठी शिवी. आयुष्यभर त्यांनी जहाजांच्या कारखान्यात नकाशे काढले. "एक नट ढिला राहिला तर काय होतं ते मी पाहिलंय," असं ते नेहमी म्हणायचे. काय होतं, ते मात्र कधी सांगायचे नाहीत. पातळ चहा ढिला, उशिरा येणारा माणूस ढिला, बऱ्याचशा देशांची सरकारं ढिली. घरातली प्रत्येक वस्तू त्यांनी आवळून ठेवलेली. चादर गादीखाली अशी खोचायचे की सुरुवातीला मी चादरीवरच झोपलो, आत शिरायची वाट सापडेना. लोणच्याची बरणी त्यांनी बंद केली की ती कायमची बंद. मी लोणच्याकडे बघत बघत जेवायचो. शेजारच्या लिम आंटी एकदा मिरचीच्या ठेच्याची बाटली घेऊन आल्या, उघडून द्या म्हणाल्या. काकांनी ती एका हिसक्यात उघडली, आणि मग, सौजन्य म्हणून, पुन्हा बंद करून दिली. आंटी बाटली घेऊन तशाच घरी गेल्या. पुन्हा काही उघडायला घेऊन आल्या नाहीत.

आणि त्यांचं ते वाक्य. "चावतंय म्हणजे धरतंय." मूळचं ते नव्या वहाणांबद्दलचं असणार, पण काका ते कशालाही लावायचे. नवा चष्मा नाकावर रुतला, चावतंय म्हणजे धरतंय. नवा साहेब खडूस निघाला, चावतोय म्हणजे धरतोय. मला ते पहिल्यांदा न्हाणीघराच्या बंद दारातून ऐकू आलं. तेव्हा मी नवा होतो. हॉटेलातला मोठा स्वयंपाकी दिवसभर ओरडायचा, आईचा फोन आला की मला बोलता यायचं नाही. एकदा रडायला म्हणून न्हाणीघरात शिरलो. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून नळ सोडायला गेलो, तर काकांनी आवळलेला तो नळ फिरेना. त्यामुळे सगळं बाहेर ऐकू गेलं.

"तानाजीराव," बाहेरून काका म्हणाले, "सिंगापूर चावतंय काय?"

"व्हय, काका."

"चावू दे. चावतंय म्हणजे धरतंय. तोंड धू आणि ये, चहा टाकलाय."

त्या वाक्याला धरून मी इथं राहिलो. शेगडीसमोर उभं राहून किती वेळा ते मनात म्हटलं असेन. अजून म्हटलं असतं, पण आता म्हणवत नाही. त्याचं कारण हे बूट.

बूट आले ते मुक्तामुळे. मुक्ता ही काकांची एकुलती एक मुलगी. मी राहतो ती खोली तिचीच. ती आता जपानच्या उत्तरेला असते, तिकडे म्हणे हिवाळ्यात खिडक्यांपर्यंत बर्फ चढतो. काकू गेल्यापासून बापलेकीत दिवाळीला आणि वाढदिवसाला फोन व्हायचा. "बरी आहेस?" "हो. तू?" "बरा." मग दोघंही हवेबद्दल बोलायचे. सिंगापूरच्या हवेबद्दल बोलण्यासारखं काही नसतं, त्यामुळे फोन लवकर संपायचा. आणि एका रविवारी ती अचानक म्हणाली, "बाबा, या हिवाळ्यात इकडे ये ना. मी स्की करायला शिकलेय. तुलाही शिकवते."

फोन ठेवल्यावर काका स्वयंपाकघरात गेले. घरातल्या सगळ्या बरण्यांची झाकणं त्यांनी पुन्हा एकदा आवळली. त्यानंतर दर रविवारी फोन व्हायला लागला.

बूट तिथं भाड्यानं मिळतात, असं मुक्तानं सांगितलं होतं. "भाड्याचे?" काका मला म्हणाले. "शंभर पायांनी ढिले केलेले. आपण आपले घेऊ."

माझ्या सुट्टीच्या दिवशी आम्ही एका मॉलमध्ये गेलो. थंडीच्या देशांत जाणाऱ्यांसाठी कपडेबिपडे विकणारं दुकान होतं. तिथला विक्रेता भला माणूस होता, पण बर्फ त्यानंही दुकानातल्या पोस्टरवरच पाहिला असावा. त्यानं काकांचा पाय मोजला, तोही ऑफिसच्या पातळ मोज्यावर, आणि एक जोड काढून दिला. काका उभे राहिले, दोन पावलं चालले आणि नाराज होऊन खाली बसले.

"चावत नाहीत," ते मला म्हणाले.

विक्रेता म्हणाला, "अंकल, स्की बूट मस्ट बी टाइट, हां. टाइट इज गुड."

काकांनी माझ्याकडे वळून बघितलं. "ऐकलंस? इतक्या वर्षांत या देशात पहिला शहाणा माणूस भेटला." आणि त्याला म्हणाले, "वन नंबर लेस."

"अंकल, धिस वन ऑलरेडी युअर साइझ."

"वन नंबर लेस."

मग त्या छोट्या बुटात पाय घालायचा कार्यक्रम झाला. विक्रेता समोरून बूट ढकलतोय, मी काकांना मागून धरलंय, काकांनी जाकिटांचा रॅक धरलाय. शेवटी पाय आत गेला. काकांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग त्यावर समाधान पसरलं.

"ओके, अंकल?"

"बाइटिंग," काका म्हणाले. "व्हेरी गुड."

विक्रेत्यानं माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं. "कॅन चेंज, अंकल," तो बिल करताना हळूच म्हणाला, "बट मस्ट बी क्लीन."

त्या दिवसापासून आमच्या मजल्याला एक नवा आवाज मिळाला. सकाळी तुळशी, संध्याकाळी कॉरिडॉर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. टॉक. टॉक. टॉक. दुसऱ्याच आठवड्यात लिम आंटी दाराच्या जाळीशी आल्या.

"अंकल, एव्हरी डे यू मूव्ह कपबोर्ड अह?"

"नो, आंटी. आय ॲम गोइंग टू जपान."

आंटींनी बुटांकडे बघितलं. "बाय वॉकिंग अह?"

जिना ते उलटे उतरायचे, कारण त्या बुटांत सुलटं उतरताच येत नाही. कठडा धरून, पाठ खाली करून, देवळातून पाय काढताना देवाकडे पाठ होऊ नये म्हणून जपतात तसे. त्याच बुटांत हॉकर सेंटरला, खाण्याच्या स्टॉलांकडे, जायचे. तिथल्या कोपीवाल्यानं, म्हणजे कॉफीवाल्यानं, पहिल्या दिवशी बुटांकडे बघितलं, काकांकडे बघितलं आणि विचारलं, "सेम-सेम, अंकल?" बस. सिंगापूरच्या या गुणावर माझा जीव आहे.

बूट काही सैल होईनात. तेव्हा काका एका सकाळी मला म्हणाले, "तानाजीराव, तुमच्याकडे कोल्हापुरी वहाणांना काय लावतात?"

"तेल लावत्यात की. रात्रभर मुरू द्यायचं. पण काका, ते चामड्याला. हे प्लास्टिक हाय."

"तत्त्व एकच रे."

आणि त्यांनी दोन्ही बुटांत एरंडेल ओतलं. प्लास्टिक काही मऊ पडलं नाही. आतलं अस्तर तेवढं तेल प्यालं, आणि दुसऱ्या दिवशी अख्ख्या ब्लॉकातल्या मुंग्या आमच्याकडे पाहुण्या आल्या. बदलून घ्यायची मुदत अजून होती, पण मुंग्यांसकट बूट कुठला दुकानदार परत घेईल? काकांनी मुंग्या झटकल्या, बूट उन्हात ठेवले आणि संध्याकाळी पुन्हा चढवले.

रविवारच्या फोनला मुक्ता विचारायची, "बाबा, बूट बसतायत का नीट?"

"फर्स्ट क्लास," काका म्हणायचे. "पायात आहेत हे कळतसुद्धा नाही."

फोन धरायचं काम माझं असायचं. पडद्यावर काकांचा हसरा चेहरा दिसायचा, पडद्याबाहेर खुर्चीचा हात आवळून धरलेली बोटं मला दिसायची. फोन संपल्यावर मी बकलं सोडायचो. पाय बाहेर आला की काका डोळे मिटायचे. मी घाबरट माणूस. मला काकांचा मोज्यातला सुजलेला पाय दिसायचा आणि त्यांची शुगरही माहीत होती. "काका, तिकडं जाऊन भाड्याचं घेऊ की," असं मी दोन-तीनदा म्हटलं. "तू तुझा रस्सा बघ," एवढंच उत्तर यायचं.

मग एकदा वाळत घातलेल्या मोज्यावर मला तपकिरी डाग दिसला. धुतलेल्या मोज्यावर. मी पॉलिक्लिनिकचा, सरकारी दवाखान्याचा, नंबर लावला. या घरात काकांना न विचारता केलेली ती माझी पहिली गोष्ट.

डॉक्टर एक तरुण मुलगी होती. तिनं मोजा उतरवून घोट्याची जखम बघितली आणि तिच्या कपाळावर आठी आली.

"अंकल, व्हॉट शूज यू वेअर?"

"स्की बूट्स."

"ओह. यू वेंट स्कीइंग?"

"नो," काका म्हणाले. "तोआ पायोह."

डॉक्टरीण हसली नाही. शुगर असलेल्या माणसाच्या पायाबद्दल तिनं जे सांगितलं ते मला सगळं कळलं नाही, पण तिचा आवाज कळला. जखम पूर्ण भरेपर्यंत बंद बूट नाही, थंडीत जाणं नाही, प्रवास नाही. भरायला किती दिवस? त्यावर ती म्हणाली, "स्लो, अंकल. व्हेरी स्लो." म्हणजे हा हिवाळा गेला.

घरी येताना आम्ही ब्लॉकच्या खाली, बाकावर बसलो. पट्टीचा पाय काकांच्या चपलेत मावेना, म्हणून मला त्यांची देऊन त्यांनी दोन्ही पायांत माझी चप्पल घातली होती. तीच, पट्ट्याला गाठ मारलेली. गाठ मी सोडून दिली होती.

"मुक्ताला बोलायचं नाही यातलं," काका म्हणाले.

"पण काका, रविवारी ती तारीख विचारणार."

"विचारू दे. कळलं तर 'राहू दे मग' म्हणेल. इतक्या वर्षांनी बोलावलंय तिनं. पुन्हा बोलावेल कशावरून?"

त्यांचा चेहरा इतका उतरला होता की मला काहीतरी बोलायला हवं होतं. आणि मला बोलायला येतं ते सगळं त्यांनीच शिकवलेलं. मी म्हणालो, "काका, चावतंय म्हणजे धरतंय."

"ते वाक्य पुन्हा म्हणू नकोस," काका म्हणाले.

रागानं नाही. हळू. समोर कुणीतरी सायकल ढकलत गेलं, तिकडे बघत राहिले. मग माझ्याकडे न बघताच बोलायला लागले.

"मुक्ताचं लग्न मी ठरवलं होतं. पुण्याचं स्थळ होतं. चांगलं, घट्ट घर. लग्नाला थोडे दिवस झाले आणि तिचा फोन आला. बाबा, मला इथं फार त्रास होतोय, म्हणाली. काय त्रास, ते मी विचारलं नाही. मी काय म्हणालो असेन, सांग."

मला ते पाठ होतं.

"हसत म्हणालो रे. नवीन आहे, होईल सवय, म्हणालो. आणि ते वाक्य. ती नाही हसली. त्यानंतर तिनं सांगणंच सोडलं. कधीही फोन केला की काय म्हणायची माहितेय? 'फर्स्ट क्लास, बाबा.' वर्षानुवर्षं फर्स्ट क्लास. मला वाटायचं, बघ, धरलं. शेवटी बाहेर पडली तेव्हा आईला सांगून पडली. मला सगळं झाल्यावर कळलं."

"पण काका, मला त्याच वाक्यानं इथं टिकवलं," मी म्हणालो. ते खरं होतं, आणि मला ते कुठंतरी सांगायचंच होतं.

काकांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं. "तुझं माप बरोबर होतं, तानाजीराव. म्हणून."

भाजीची पिशवी घेऊन लिम आंटी आल्या. त्यांनी पट्टी बघितली, ढिली चप्पल बघितली. "टुडे नो जपान, अंकल?"

"नो जपान, आंटी."

आंटींनी पिशवीतून दोन संत्री काढून बाकावर ठेवली आणि लिफ्टकडे गेल्या. काका ती संत्री हातात घेऊन बसले. सोलली मात्र नाहीत.

रविवार आला. काकांनी शर्ट घातला, पाय स्टुलावर ठेवला आणि त्यावर टॉवेल टाकला. "फोन वर धर," मला बजावलं. "छातीच्या खाली जाऊ देऊ नकोस." खोटं पकडलं गेलं तर ते माझ्याच हातात पकडलं जाणार होतं.

मुक्ता पडद्यावर आली. तिच्या मागच्या खिडकीत सगळं पांढरं होतं.

"बाबा, बूट कुठायत? आज पायात नाहीत?"

"कपाटात ठेवलेत."

"बसतायत ना नीट?"

"फर्स्ट," काका म्हणाले, आणि पुढचा शब्द आलाच नाही. मी फोनवरून काकांकडे बघितलं. ते पडद्याकडे बघत होते, तिच्या चेहऱ्याकडे, जणू तिनंच तो शब्द उच्चारला होता.

"नाही गं," ते म्हणाले. "चावतात."

पडद्यावर तिचा चेहरा जवळ आला.

"खूप?" मुक्तानं विचारलं.

"खूप. जखम झालीय."

आता ती म्हणेल, राहू दे मग. मी मनातल्या मनात जोतिबाचं नाव घेतलं.

"मग काढ ना, बाबा," ती म्हणाली.

"काढलेत."

"कधीपासून चावतायत?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग इतके दिवस बोलला का नाहीस?"

काकांनी टॉवेलाची कड ओढून सरळ केली. विचारल्यावर तिच्याही काहीतरी लक्षात आलं असावं, कारण तिनं खाली बघितलं, आणि बापलेक समोरासमोर, मध्ये माझा हात. हात भरून आला होता, पण मी हलवला नाही.

"पाय दाखव," शेवटी ती म्हणाली.

मी काकांकडे बघितलं. त्यांनी स्वतःच टॉवेल बाजूला केला. मी फोन खाली नेला. तिनं पट्टी बघितली, सूज बघितली, औषधं कोणती म्हणून विचारलं, शुगर किती म्हणून विचारलं, मला नावानं हाक मारून रोज पट्टी बदलायला सांगितलं. मी हो ताई, हो ताई म्हणत होतो. मग म्हणाली, "बर्फ काय, दर वर्षी पडतो. आधी पाय बरा कर." आणि या वेळी हवेबद्दल काही न बोलता फोन ठेवला.

काका तसेच बसले होते. मी फोन टेबलावर ठेवला आणि चहा टाकायला आत निघालो.

"तानाजीराव."

"जी."

"'मग काढ.' एवढंच म्हणायचं असतं होय रे?"

त्यांच्या खाली सोडलेल्या दुसऱ्या पायातली माझी ढिली चप्पल निसटून बाजूला पडली होती. मी ती उचलायला वाकलो, तर काकांनी मान हलवली. असू दे, म्हणाले.